नळातील घर्षण आणि भांडवलाचा हिशेब

अलास्कातील प्रुडो बेच्या तेलक्षेत्रापासून व्हाल्डीझ बंदरापर्यंत सुमारे १,२८७ किलोमीटर लांबीची तेलवाहिनी १९७७ साली सुरू झाली. दोनच वर्षांत तिच्या चालकांपुढे पेच उभा राहिला. १९७९ मध्ये इराणमधील उलथापालथीने तेलाचे भाव भडकले होते. अधिक तेल लोटावयाचे तर अधिक पंप हवेत आणि पंपगृह उभारावयाचे तर काळ व भांडवल दोन्ही हवीत. तोडगा निघाला तो रसायनशाळेतून. एका बहुवारिकाचे, म्हणजे पॉलिमरचे, अत्यल्प प्रमाण तेलात मिसळले जाऊ लागले आणि त्याच नळातून अधिक तेल वाहू लागले.

या गुणधर्माची प्रथम नोंद बी. ए. टॉम्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने केली आणि १९४८ साली हॉलंडमधील परिषदेत ती मांडली. ज्या द्रव्यापासून ॲक्रिलिकची काच बनते, तेच त्याने एका द्रावकात विरघळविले होते. दाट केलेला द्रव अधिक अडखळावयास हवा. येथे तर तो अधिक सुलभतेने वाहिला. संथ प्रवाहात हा परिणाम दिसत नाही. संक्षुब्ध प्रवाहातच दिसतो. अशा प्रवाहात पंपाची पुष्कळशी शक्ती नळाच्या भिंतीलगत उठणाऱ्या भोवऱ्यांत वाया जाते. बहुवारिकाचे लांबलचक रेणू त्या ओढाताणीत ताणले जातात व भोवऱ्यांचा जोर मोडतात. हे नेमके कसे घडते याविषयी अभ्यासकांत अद्याप पूर्ण एकमत नाही. घर्षण किती घटेल यालाही मर्यादा आहे; ती विर्क यांनी १९७० च्या सुमारास मांडली.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने यातील मर्म निराळेच आहे. प्रवाह दुप्पट करावयाचा तर पंपाची शक्ती दुप्पट करून भागत नाही. ती सात-आठ पट करावी लागते. म्हणून अखेरच्या काही पिंपांचा वाहतूकखर्च फार चढा असतो आणि तेथेच हे रसायन परवडते. शिवाय पंपगृह हा स्थिर खर्च आहे. एकदा उभारले की मागणी असो वा नसो, व्याज व घसारा चुकत नाही. रसायन आज ओतावे, गरज सरताच उद्या थांबवावे. अलास्कातील वाहतूक १९८८ मध्ये दिवसाला सुमारे वीस लाख पिंपांवर गेली आणि पुढे २०२० पर्यंत पाच लाखांच्याही खाली उतरली. तेथील काही पंपगृहे अखेर बंद करावी लागली. शिखराच्या दिवसांकरिता आणखी बांधली असती, तर तीही निकामी ठरली असती.

अर्थात हे फुकटचे नव्हे. पंपातून जाताना हे रेणू तुटतात व त्यांचा गुण नाहीसा होतो. पुढील टप्प्यावर मात्रा पुन्हा द्यावी लागते. खर्च टळत नाही, त्याचे स्वरूप पालटते. आणि पुरवठादारावरचे अवलंबित्व कायमचे मागे लागते. याच तत्त्वाचा वापर न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाने १९७० च्या सुमारास केला. तेथे लाभ मनुष्यबळाचा होता. पाण्यात बहुवारिक घातल्यावर अरुंद व हलक्या होजमधून जवळजवळ तेवढेच पाणी मिळे आणि धुराने भरलेल्या जिन्यावर ती नळी ओढणे जवानांना सोपे जाई.

भारताचा संबंध येतो तो गवारीतून. आपण शेंगांची भाजी करतो; बियांपासून निघणारा डिंकही घर्षण कमी करतो. मात्र त्याचे द्रावण जंतूंमुळे लवकर नासते. त्यावर कृत्रिम बहुवारिकाचे कलम करून तो टिकाऊ करण्याचे संशोधन १९८० च्या दशकात खरगपूरच्या आयआयटीत झाले. परंतु गवारीचे भाग्य उजळले ते निराळ्या कारणाने. अमेरिकेत खडक फोडून वायू व तेल काढण्याच्या उद्योगाला पाणी दाट करण्यासाठी हा डिंक हवा होता. २०११-१२ मध्ये राजस्थानात त्याचे भाव अनेक पटींनी चढले आणि मार्च २०१२ मध्ये वायदेबाजार थांबवावा लागला. ज्या शेतकऱ्याने पीक हाती येताच विकले होते, त्याला या तेजीचा उपयोग नव्हता. पुढच्या हंगामात पेरा वाढला. तोवर अमेरिकी कंपन्या पर्याय शोधू लागल्या होत्या. त्यांपैकी एक पर्याय म्हणजे दाट पाण्याऐवजी घर्षण घटविणारे कृत्रिम बहुवारिक मिसळलेले पातळ पाणीच वेगाने लोटणे. भाव कोसळले तेव्हा वाढीव पेऱ्याचे पीक शेतकऱ्याच्या खळ्यात पडले होते.