गुलालातला केदार, सुरांतला केदार

चैत्र पौर्णिमेला कोल्हापूरजवळचा वाडी रत्नागिरीचा अख्खा डोंगर गुलालानं न्हाऊन निघतो. गावोगावच्या उंचच उंच सासनकाठ्या वाजतगाजत येतात, खोबरं उधळलं जातं, देवाला दवणा वाहिला जातो आणि ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’चा गजर होतो. या जोतिबाचंच दुसरं नाव केदारनाथ, केदारलिंग. हिमालयातल्या केदारनाथाचं देऊळ मात्र त्या दिवशी बंद असतं. भाऊबीजेला तिथले दरवाजे मिटले, की देवाची उत्सवमूर्ती पालखीतून खाली उखीमठला येते आणि चैत्री पौर्णिमा उलटून गेल्यावरच पुन्हा वर चढते.

हिमालयातलं हे देऊळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५८३ मीटरवर, मंदाकिनीच्या काठी आहे. गौरीकुंडापासून पुढची सुमारे १६ किलोमीटरची चढण पायी, खेचरावर नाहीतर डोलीतून करावी लागते. जून २०१३च्या महापुरात आजूबाजूची वस्ती वाहून गेली. वरून गडगडत आलेली एक प्रचंड शिळा देवळामागं अडली, पाण्याचा लोंढा तिनं दुभागला आणि देऊळ वाचलं. भाविक आता तिला भीमशिला म्हणतात. गाभाऱ्यातलं लिंग नेहमीसारखं गोल नाही, बैलाच्या वशिंडासारखं त्रिकोणी आहे. पांडवांना टाळण्यासाठी शंकरानं बैलाचं रूप घेतलं आणि त्याचे अवयव पाच ठिकाणी प्रकटले, अशी कथा आहे. केदारनाथ, तुंगनाथ, रुद्रनाथ, मध्यमहेश्वर आणि कल्पेश्वर हे ते पंचकेदार. या उत्तरेकडच्या देवाचे मुख्य पुजारी, म्हणजे रावळ, असतात ते कर्नाटकातल्या वीरशैव परंपरेतले.

माणसं अशी केदाराकडे जातात, तसा केदारही माणसांकडे येतो. काशीच्या केदारघाटावर, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या पायऱ्यांवर गौरीकेदारेश्वराचं देऊळ आहे. म्हातारपणामुळे ज्याला हिमालयाची वाट झेपेना, अशा भक्तासाठी देवच काशीत येऊन राहिला, असं तिथं सांगतात. जोतिबाची कथाही त्याच वळणाची आहे. रत्नासुराच्या जाचातून लोकांना सोडवायला केदारनाथ दक्षिणेत आले आणि या डोंगरावर राहिले. जोतिबा हे शिंदे घराण्याचं कुलदैवत. आजचं मुख्य देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधलं, तर शेजारचं केदारेश्वराचं देऊळ दौलतराव शिंद्यांनी १८०८ मध्ये.

हरिश्चंद्रगडावरच्या केदारेश्वराकडे मात्र गुलाल नाही, गजर नाही. डोंगरात कोरलेल्या गुहेत मधोमध मोठं शिवलिंग आहे आणि भोवती कंबरेइतकं पाणी. हे पाणी भर उन्हाळ्यातही असं गार असतं, की पहिल्या पावलालाच अंगावर काटा येतो. प्रदक्षिणा घालायची तर त्यातूनच चालायचं. लिंगाभोवतीच्या चार खांबांपैकी तीन तुटलेत, एक उभा आहे. चार खांब म्हणजे चार युगं, आणि उरलेला हा कलियुगाचा. तो मोडेल तेव्हा जग बुडेल, अशी समजूत आहे. गडावरचं इतकं विलक्षण दुसरं ठिकाण नाही.

आणि मग राग केदार. रागमाला चित्रं काढणाऱ्यांनी केदार रंगवला तो बहुधा चांदण्यात वीणा घेऊन बसलेल्या योग्याच्या रूपात, आणि राग ऐकताना ते चित्र पटतं. गायक षड्जावरून थेट शुद्ध मध्यमावर येऊन ठाकतो. गांधार असतो, पण मध्यमाच्या आड, जेमतेम जाणवेल इतकाच. मधूनच तीव्र मध्यम चमकतो आणि सूर पुन्हा शुद्ध मध्यमावर विसावतो. वेळ रात्रीच्या पहिल्या प्रहराची. जलधर केदार, मलुहा केदार, चांदनी केदार ही त्याचीच भावंडं. कर्नाटक संगीतातला केदारम् याहून वेगळा, शंकराभरणाच्या कुळातला. मुत्तुस्वामी दीक्षितांनी चिदंबरमच्या नटराजावरची प्रसिद्ध कृती त्यात बांधली आहे. गुरु ग्रंथसाहिबातल्या ३१ रागांतही केदारा आहे आणि त्यात कबीर, रविदास यांची पदं आहेत.

शिवाचं नाव असलेल्या या रागाची सर्वांत गोड गोष्ट आहे ती कृष्णभक्ताची. जुनागढच्या नरसी मेहतांचा केदार कृष्णाला फार प्रिय. साधूंच्या पंगतीसाठी पैसे नव्हते, म्हणून त्यांनी हा रागच सावकाराकडे गहाण टाकला; कर्ज फिटेपर्यंत केदार गायचा नाही, असं ठरलं. पुढे राजानं त्यांच्या भक्तीची परीक्षा मांडली, तेव्हा कृष्णानं नरसींच्या रूपात जाऊन सावकाराचं देणं चुकतं केलं आणि गहाणखत सोडवून आणलं. नरसी पुन्हा केदार गायले आणि मूर्तीच्या गळ्यातला हार त्यांना मिळाला. १९६०च्या ‘मुघल-ए-आझम’मध्ये साखळदंडात जखडलेली अनारकली प्रेषित महंमदांना साकडं घालते, ते गाणं नौशादांनी केदारातच बांधलं. आर्त मागणं मांडायला हा राग कुणाच्याही देवापुढे उभा राहतो, हीच त्याची थोरवी.

केदार घरोघरी पोचवला तो मात्र कोकणातल्या वसंत देसाईंनी. १९७१च्या ‘गुड्डी’ चित्रपटातली त्यांची, वाणी जयराम यांनी गायलेली प्रार्थना महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांमध्ये म्हटली गेली आहे. राग रात्रीचा, मुलं गातात सकाळी, आणि तरीही तो तितकाच शांतवतो. ती प्रार्थना शिकवणाऱ्या शिक्षकांनी मुलांना एकदा तरी सांगावं, की तुम्ही गाताय त्या रागाचं नाव केदार आहे.