मराठी ट्वीटचा सूर ओळखताना

मराठी मजकुरातला राग-लोभ संगणकाला कळावा, यासाठी पुण्याच्या ‘एलथ्रीक्यूब’ गटाने २०२१ मध्ये ‘महासेंट’ हा विदासंच खुला केला.

त्यात महाराष्ट्रातील नामवंतांच्या खात्यांवरची सुमारे १६ हजार ट्वीट आहेत. माणसांनी प्रत्येक ट्वीट वाचून खूण केली : सकारात्मक १, नकारात्मक -१, तटस्थ ०. या उदाहरणांतून मॉडेल शब्दांची संगत शिकते आणि नव्या ट्वीटचा सूर ठरवते.

अशा, मुख्यतः राजकीय, ट्वीटवर शिकलेले मॉडेल चित्रपट-परीक्षण वाचताना चुकू शकते. म्हणून २०२३ मध्ये चित्रपट-परीक्षणे, टीव्ही कार्यक्रमांची उपशीर्षके आणि इतर ट्वीटही जोडली गेली. नमुने सुमारे ६० हजारांवर पोहोचले.

उपरोध मात्र अवघडच. ‘वा, काय सुंदर रस्ता!’ या तक्रारीतले शब्द कौतुकाचेच असतात.