निराश विचारांची उलटतपासणी

परीक्षेचा निकाल लागला म्हणजे प्रत्येक शाळेंत एक वाक्य हटकून ऐकूं येतें: "मला गणित कधींच येणार नाहीं." तें उच्चारणाऱ्या विद्यार्थ्यास १०० पैकीं २८ गुण मिळालेले असतात, एवढीच काय ती वस्तुस्थिति असते. "कधींच" हा शब्द गुणपत्रिकेंत कोठेंहि नसतो. तो त्याच्या मनानें पदरचा घातलेला असतो. निराशेचें मूळ पुष्कळ वेळां अशा पदरच्या शब्दांत असतें. तें कसें शोधून काढावें, याचा थोडासा विचार आम्ही येथें करणार आहों.

अशा मुलास वडील माणसें बहुधा "उगीच वाईट विचार करूं नकोस, आनंदांत राहा," असा उपदेश करितात. हेतु चांगला, परंतु उपयोग थोडा. ज्यास आपलें म्हणणें खरें वाटतें, त्यास तें सोडून दे म्हणणें म्हणजे साक्षीदारास न तपासतां खटला निकालांत काढणें होय. विचार दडपून जात नाहीं. तो तपासावा लागतो.

ही दृष्टि मानसोपचारांत रूढ करण्याचें श्रेय मुख्यतः डॉ. आरन बेक (१९२१–२०२१) या अमेरिकन वैद्यास आहे. ते फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत काम करीत. १९६० नंतरच्या दशकांत खिन्नतेच्या रोग्यांचें बोलणें ऐकतां ऐकतां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, या रोग्यांच्या मनांत कांहीं विचार आपोआप व क्षणार्धांत येऊन जातात, आणि रोगी ते न तपासतांच खरे धरून चालतो. हे विचार तीन प्रकारचे असतात: मी कुचकामाचा आहें, जग मला प्रतिकूल आहे, पुढें कांहीं बरें होणार नाहीं. रोग्याकडूनच या विचारांची परीक्षा करवून घेण्याची पद्धति बेक यांनीं बसविली. सहकाऱ्यांसह लिहिलेला त्यांचा त्या विषयावरील ग्रंथ १९७९ सालीं प्रसिद्ध झाला.

या पद्धतीचें सार वहीच्या एका पानावर उतरवितां येईल. पानाचे चार रकाने पाडावे. पहिल्यांत घडलेली गोष्ट लिहावी, दुसऱ्यांत मनांत आलेला विचार, तिसऱ्यांत त्या विचाराच्या बाजूचा व विरुद्ध असा दोन्ही पुरावा, आणि चौथ्यांत पुरावा पाहून उरणारा निष्कर्ष. समजा, आमच्या वरील विद्यार्थ्यानें असें पान लिहिलें. बाजूचा पुरावा: दोन परीक्षांत नापास. विरुद्ध पुरावा: अंकगणिताचीं बहुतेक उदाहरणें बरोबर आलीं, गुण गेले ते भूमितींत, आणि भूमितीचे धडे चालू असतां तो तापानें तीन आठवडे घरीं होता. निष्कर्ष: "माझी भूमिति कच्ची राहिली आहे." हें वाक्य गोड नाहीं, पण तें खरें आहे, आणि उद्यां काय करावें हें त्यांत सांपडतें. निराशेवर गोड विचारापेक्षां नेमका विचार अधिक गुणकारी असतो, तो यामुळेंच.

परंतु विचार सुधारला तरी हातपाय हलत नाहींत, असाहि अनुभव येतो. त्याच विद्यापीठांतील मार्टिन सेलिग्मन व स्टीव्हन मायर यांनीं १९६७ सालीं केलेला प्रयोग येथें उद्बोधक आहे. कांहीं कुत्र्यांस बसणारे विजेचे धक्के त्यांना डोक्यानें फळी दाबून थांबवितां येत. दुसऱ्या गटास तितकेच धक्के बसत, पण ते थांबविणें त्यांच्या हातीं नसे. पुढें त्यांना अशा पेटींत ठेविलें कीं, मधला ठेंगणा आडोसा ओलांडला असतां सुटका होई. पहिला गट सहज सुटला. दुसऱ्या गटांतील बहुतेक कुत्रीं मुकाट्यानें सोशीत राहिलीं. अशा कुत्र्यांस दोरीनें पुनःपुन्हां पलीकडे ओढून नेलें, तेव्हां कोठें तीं आपण होऊन उडी घेऊं लागलीं. प्रयोग क्रूर खराच. त्यावरून हताशपणा शिकला जातो, असें मत रूढ झालें. २०१६ सालीं मात्र त्याच दोघांनीं मेंदूविषयींच्या नव्या संशोधनावरून हें मत उलटें केलें. दीर्घ संकटांत गळून जाणें हा प्राण्याचा स्वाभाविक धर्म आहे. आपल्या हातीं कांहीं आहे, हेंच शिकावें लागतें.

तेव्हां हताश झालेल्या मुलानें त्याची लाज बाळगण्याचें कारण नाहीं. त्याला उपदेशाहून एक लहानसें, पुरें होण्यासारखें काम अधिक उपयोगीं पडतें: रोज भूमितीचें एकच प्रमेय. पुरें झालेलें प्रत्येक काम मनास शिकवितें कीं, आडोसा ठेंगणा आहे.

एक सावधगिरी मात्र अवश्य पाळावी. सर्वच दुःख विचारदोषानें होत नाहीं. घरीं अन्न नसेल किंवा कोणी छळीत असेल, तर रकाने पाडून भागत नाहीं. तेथें वडीलधाऱ्यांनीं परिस्थिति बदलण्यास झटलें पाहिजे. तसेंच खिन्नता दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोंप व भूक गेली, तर तो आजार समजून आईबापांस, शिक्षकांस वा डॉक्टरांस सांगावें. जीव नकोसा वाटूं लागला, तर एक दिवसहि थांबूं नये. भारत सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू केलेली टेली-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र मिळते, व तेथें मराठींतहि बोलतां येतें.

विद्यार्थिमित्रहो, "कधींच", "नेहमींच", "कांहींच" हे शब्द मनांत आले कीं, त्यांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभे करून विचारा: पुरावा कोठें आहे? मग पुरावा सांगेल तेवढेंच माना, आणि त्यांतून निघणारें पहिलें काम त्याच दिवशीं हातीं घ्या.