गोळी लपवावी लागू नये

एचआयव्हीवरील पहिले औषध, झिडोव्हुडीन, १९८७ मध्ये आले; पण एकट्या औषधाचा प्रभाव टिकत नसे. हा विषाणू वाढताना सतत बदलतो. एखाद्या बदलामुळे तो औषधाला दाद देईनासा होतो. यालाच औषधरोध म्हणतात. १९९६ पासून तीन औषधे एकत्र देण्यात येऊ लागली. तिन्हींना एकदम चकवणे विषाणूला फार कठीण असते. भारतात १ एप्रिल २००४ पासून शासकीय केंद्रांत हे उपचार मोफत सुरू झाले.

मात्र गोळ्या वारंवार चुकल्या, तर औषधरोधाला वाव मिळतो. माणूस वरून धडधाकट दिसत असतानाही हे घडते. म्हणून रक्तातील विषाणूंचे प्रमाण, म्हणजे व्हायरल लोड, सहाव्या व बाराव्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी तपासतात. एक मिलिलिटरमध्ये हजार किंवा अधिक प्रती आढळल्यास आधी समुपदेशन होते. फेरतपासणीतही प्रमाण न घटल्यास औषधे बदलण्याचा विचार होतो.

गोळ्या चुकतात, कारण पुष्कळदा त्या लपवाव्या लागतात. बहिष्काराची झळ सोसलेल्या समाजाला हे दुःख परके नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने शिक्षणात व नोकरीत भेदभावास मनाई केली असून माहितीची गोपनीयताही राखली आहे. भगवान बुद्धांनी आजारी भिक्खूची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली होती. त्यांचे अनुयायी म्हणवणारे आम्ही आपल्या घरांत व वसतिगृहांत कोणालाही गोळी लपवावी लागू देणार नाही, एवढा निर्धार आम्ही करावयास हवा.