कामगार क्लब आणि गाण्याचा एक दिवस



कामगारांच्या क्लबाचा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, "त्यानं उतारा वाढणार आहे का?" प्रश्न रास्त आहे. म्हणून क्लब म्हणजे काय, ते आधी पाहू.

ना. म. जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. तिनं कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालयं चालवली. परळला लीगचा दामोदर हॉल १९२२ साली उभा राहिला. कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांची नाटकं, नमन, शक्ती-तुरा तिथं रंगायचे. मृदंगावर थाप मारणारा आणि समोर बसून ऐकणारा, दोघेही गिरणीतलेच. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. २०२३ साली पुनर्विकासासाठी हॉलही बंद झाला.

पण क्लब म्हणजे काही चार भिंती नव्हेत. खोडाळा-मोखाड्याकडं पाहा. भात निघू लागलं की तिथं तारपा वाजतो. वाळलेला दुधी, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा, एवढंच त्याचं भांडवल. वाजवणाऱ्याभोवती बाया-बापे फेर धरतात. तिकीट नाही, पाहुणे नाहीत. दिवाळी सरली की यातली कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर, बांधकामावर बाहेर पडतात. गावात आहेत तोवरच फेर. पण ते दिवस ठरलेले, म्हणून तो टिकला.

आता आपलं बघू. १९५३ च्या कायद्यानुसार कामगार कल्याण निधी जमा होतो. दर सहामाहीला कामगार जेवढी वर्गणी भरतो, त्याच्या तिप्पट मालक भरतो. सहकारी कारखान्यात मालक कोण? तुम्ही-आम्हीच. या निधीवर कामगार कल्याण मंडळाची केंद्रं चालतात, भजन आणि नाट्यस्पर्धा होतात. पैसे आपण भरायचे, आणि आपला फिटर, पॅनमन तिथं पोचायचाच नाही, हा कुठला हिशेब?

खर्च फार नाही. एक पेटी, एक पखवाज, टाळ, संध्याकाळी उघडी राहणारी एक खोली. आणि वर्षातला एक दिवस गाण्याचा. आम्हाला १ मे योग्य वाटतो. कामगार दिन आहे, आणि गळीतही बहुधा आटोपलेलं असतं. बाहेरून पार्टी मात्र आणू नये. मिलवाल्यानं पेटी धरावी, सभासदानं टाळ, तोडणीवाली कुणी थांबली असेल तर तिनं ओवी म्हणावी.

उतारा वाढेल असं आम्ही म्हणत नाही. पण वजनकाट्यावर वाद होतो तेव्हा समोरचा माणूस ओळखीचा असला, तर शब्द जपून निघतो. वार्षिक सभेत हा विषय जरूर मांडा.