मुळशीच्या रानांत भिंग घेऊन

पुण्याहून पौडमार्गें ताम्हिणी घाटाकडे निघालेला प्रवासी श्रावण-भाद्रपदांत सहसा दोनच गोष्टी पाहतो : डोंगरावरून कोसळणारे धबधबे आणि मुळशी धरणाचा विस्तीर्ण जलाशय. परंतु ओल्या कातळाशीं जो गुडघे टेकून खालीं पाहील, त्याला तिसरेंच जग दिसूं लागतें. सीतेच्या आसवांचीं नखाएवढीं निळींजांभळीं फुलें, पानांवरील चिकट थेंबांत किडे अडकविणारी दवबिंदू, गवताच्या पात्यामागें दडलेला कोळी! हें जग चित्रांत धरून ठेवावें असें ज्याला वाटतें, त्याच्यापुढें पहिला प्रश्न पैशांचा उभा राहतो. घरखर्चाला धक्का न लागतां कोणता कॅमेरा व कोणतें भिंग घ्यावें?

अशा उद्योगाची परंपरा महाराष्ट्रांत नवी नाहीं. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं विलायतेहून आणलेल्या कॅमेऱ्यानें वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली. कुंडीपुढें कॅमेरा रोवून ते दिवसांमागून दिवस एकेक चित्र घेत राहिले, आणि पडद्यावर तें रोप पाहतां पाहतां वाढतांना दिसलें. या लहानशा चित्रानें भांडवल मिळण्यास साह्य झालें व १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. विषय कुंडीएवढा होता. गुंतवणूक मुख्यतः चिकाटीची होती.

आतां साधनांकडे वळावयाचें तर एक मोजमाप आधीं समजून घेतलें पाहिजे. एक सेंटीमीटर लांबीचा किडा कॅमेऱ्याच्या आंतील संवेदकावर एक सेंटीमीटरच उमटला, तर त्यास एकास एक वर्धन म्हणतात. साध्या ५० मिलिमीटर नाभ्यंतराच्या भिंगानें, तें जितकें जवळ नेतां येईल तितकें नेलें तरी, तोच किडा जेमतेम दीड मिलिमीटर उमटतो. म्हणजे या कामांत खरें महत्त्व कॅमेऱ्याला नसून भिंगाला आहे. आरशाविना चालणारे नवे कॅमेरे आल्यापासून आरशाचे, म्हणजे डीएसएलआर जातीचे, वापरलेले कॅमेरे बऱ्याच कमी किमतींत मिळतात. भिंग बदलतां येणारा असा एखादा जुना कॅमेरा नवशिक्यास पुरेसा आहे. उरलेला पैसा भिंगासाठीं राखावा.

मॅक्रो लेन्स म्हणून मिळणारें खास भिंग एकास एक वर्धन देतें. तें उत्तम खरें, परंतु महाग. स्वस्त उपाय दोन. पहिला, कॅमेरा व भिंग यांच्यामध्यें बसविण्याची पोकळ नळी. तिच्यांत कांच नसते. ती भिंगास केवळ पुढें सरकविते. नळीच्या लांबीस भिंगाच्या नाभ्यंतरानें भागलें कीं वर्धनांत पडणारी भर कळते. ५० मिलिमीटरच्या भिंगास २५ मिलिमीटरची नळी जोडली तर अर्ध्या पटीची भर पडते. नळी घेतांना विजेचे संपर्कबिंदू असलेलीच घ्यावी. नाहींतर आजच्या बहुतेक भिंगांचें छिद्र लहानमोठें करतां येत नाहीं.

दुसरा उपाय भिंगाच्या तोंडावर चढविण्याच्या पूरक कांचेचा. तिची शक्ति चष्म्याप्रमाणें डायॉप्टरमध्यें सांगतात. चार डायॉप्टरची कांच २५० मिलिमीटरपर्यंत लांबणाऱ्या झूम भिंगावर चढवून भिंग अनंतावर ठेवलें, तर एकास एक वर्धन मिळतें, आणि किडा भिंगापासून तब्बल २५ सेंटीमीटर दूर राहतो. उलट ५० मिलिमीटरच्या भिंगास तितक्याच लांबीची नळी लावून हेंच वर्धन साधलें, तर मध्यें तीनचार बोटेंच अंतर उरतें. तेवढ्यांत फुलपाखरूं उडून जातें, आणि भिंगाची सावली फुलावर पडते ती वेगळीच. म्हणून स्थिर फुलांसाठीं नळी, आणि हलत्या जिवांसाठीं लांब भिंगावरील पूरक कांच, हा काटकसरीचा मार्ग होय. मात्र ही कांच दोन भिंगें जोडून केलेली असावी. एकेरी कांचेच्या चित्राला कडेस रंगीत झालर येते.

एकास एक वर्धनांत छिद्र एफ ११ एवढें बारीक केलें तरी स्पष्टतेची खोली सुमारें एक मिलिमीटरच असते. छिद्र याहून फार बारीक केल्यास प्रकाशाच्या विवर्तनानें सारेंच चित्र मऊ पडतें. त्यासाठीं कोळ्याचे डोळे, फुलाचे केसर असा एकच भाग निवडून त्यावर नजर ठेवावी. घाटांतील ढगाळ उजेड अपुरा पडतो. तेव्हां फ्लॅशपुढें पांढरा बटर पेपर धरला म्हणजे प्रकाश सौम्य होऊन पसरतो.

वापरलेलें भिंग विकत घेतांना एक परीक्षा चुकवूं नये. भिंगाच्या एका बाजूनें विजेरीचा झोत टाकून दुसऱ्या बाजूनें पाहावें. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी होय. असें भिंग परत करावें. मुळशीच्या पावसांत चांगल्या भिंगासही हा रोग जडतो. घरीं परतल्यावर तें पुसून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवल्यास बचाव होतो.

अखेरची गोष्ट दुकानांत मिळत नाहीं. ताम्हिणीच्या रानाचा कांहीं भाग २०१३ सालीं अभयारण्य झाला. परंतु कातळावरील बोटभर मातीचें रक्षण पाय टाकणाऱ्यासच करावें लागतें. एका फुलासाठीं आडवें पडतांना शेजारचीं शंभर चिरडलीं जातात. चित्र नीट यावें म्हणून भोंवतालचें गवत उपटलें जातें, किडा धरून हवा तसा बसविला जातो. कारवी साधारण आठ वर्षांतून एकदांच फुलते. तिची मोडलेली फांदी पुढल्या पावसाळ्यांत भरून येत नाहीं. भिंग लांबून पाहणारें का असावें, याचें सर्वांत मोठें कारण हेंच आहे. ज्या जागीं चित्र घेतलें, तेथें मागाहून येणाऱ्यास तेंच फूल उभें दिसलें पाहिजे.