जॅक द रिपर: दंतकथा आणि कागदपत्रं

उंच हॅट, काळा झगा, हातात डॉक्टरी बॅग. १८८८ च्या लंडनमधला अज्ञात खुनी जॅक द रिपर म्हटलं की असा उमराव डोळ्यांपुढे उभा राहतो, पण हे रूप नाटक-सिनेमांनी रंगवलेलं आहे. कॅथरीन एडोजच्या खुनाच्या थोडंच आधी मायटर स्क्वेअरजवळ तिच्यासारख्या बाईसोबत जोसेफ लॅवेंडे यांना एक पुरुष दिसला होता. डोक्यावर टोपी, गळ्यात तांबडा रुमाल, एकूण अवतार खलाशाचा!

तो सर्जनच होता, हा समजही असाच घट्ट बसलाय. अ‍ॅनी चॅपमनचं शव तपासणाऱ्या डॉ. फिलिप्स यांना मारेकऱ्याला शरीररचनेची माहिती असावी असं वाटलं. मेरी जेन केलीचं शव पाहिलेल्या डॉ. बाँड यांनी मात्र, याला खाटकाइतकंही ज्ञान नाही, असं लिहून दिलं.

त्याचं नावसुद्धा बहुधा त्याचं नव्हे. सप्टेंबर १८८८ मध्ये लंडनच्या सेंट्रल न्यूज एजन्सीला लाल शाईतलं एक पत्र आलं, त्याखाली ही सही होती. पुढे वरिष्ठ पोलिस अधिकाऱ्यांनीच ते एखाद्या पत्रकाराचं काम मानलं.

लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या खुनांच्या पोलिस फाइलीत १८८८ ते १८९१ मधले अकरा खून आहेत. त्यांतले ३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबर १८८८ मधले पाच सहसा एकाच हातचे मानतात. या पाचही जणींना सरसकट ‘वेश्या’ म्हटलं जातं, याचा मला संताप येतो. त्यांपैकी तिघींबाबत तसा ठोस पुरावा नाही, असं इतिहासकार हॅली रुबेनहोल्ड यांनी २०१९ मध्ये मांडलं. काही अभ्यासकांना ते पटलेलं नाही. पण त्यांच्यातली मेरी अ‍ॅन निकोल्स खुनाच्या रात्री रस्त्यावर का होती, हे नोंदलेलं आहे: मुक्कामाच्या खाटेसाठी लागणारे चार पेन्स तिच्याकडे नव्हते.

आता संशयित. राजपुत्र अल्बर्ट व्हिक्टर ३० सप्टेंबरच्या दुहेरी खुनाच्या वेळी स्कॉटलंडमध्ये होता. पोलिस अधिकारी मेलव्हिल मॅकनॉटन यांनी १८९४ च्या टिपणात ड्रुइट, कॉस्मिन्स्की आणि ऑस्ट्रॉग अशी तीन नावं दिली. मात्र ते स्वतः पोलिसात १८८९ मध्ये आले. त्यांनी ड्रुइटला डॉक्टर ठरवलं, तो होता बॅरिस्टर आणि शिक्षक. ऑस्ट्रॉग तर खुनांच्या वेळी फ्रान्समध्ये तुरुंगात होता.

राहिला पोलंडहून आलेला न्हावी अ‍ॅरन कॉस्मिन्स्की, जो १८९१ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात गेला. एडोजची म्हणून सांगितल्या जाणाऱ्या एका शालीवरच्या डीएनएने तोच रिपर ठरला, अशा बातम्या २०१४ आणि २०१९ मध्ये गाजल्या. पण एडोजच्या अंगावरच्या वस्तूंच्या पोलिस यादीत ती शाल नाही, आणि मधल्या काळात ती अनेकांच्या हातांतून गेली. तपासला तो मायटोकाँड्रियल डीएनए. तो आईकडून येतो आणि असंख्य लोकांत सारखा असू शकतो. त्यावरून एका माणसाकडे बोट दाखवता येत नाही.

तेव्हा ‘रिपर अखेर सापडला’ अशी बातमी पुन्हा आली, तर आधी एकच विचारा: हा पुरावा १८८८ पासून आजपर्यंत कोणाकोणाच्या ताब्यात होता?